टाळूला चिकटलेली फ्रेंच

पैज लागली ती सबनिसांच्या फाटकात, सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळी, आणि तिला कारण झाला एक ओल्या कचऱ्याचा डबा.

त्याचं असं झालं. हर्षदावहिनींनी सबनिसांच्या दारावरच्या घंटीत गुपचूप घंटागाडीचं गाणं भरून ठेवलं. आता सबनीस भाऊजी म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. घंटागाडी चुकली तर त्यांना दिवसभर जेवण जात नाही. त्यात हल्लीच्या गाड्यांना ड्रायव्हर नाही. त्या आपल्या आपण येतात, दारापुढे जरा थांबतात आणि चालू पडतात. 'ओ दादा, थांबा की' म्हणायला आत दादाच नसतो. त्यामुळे गाणं ऐकलं की भाऊजी दोन हातांत दोन डबे घेऊन धावत बाहेर. पहिल्यांदा दारात कुरिअरवाला होता. मग बँकेची बाई. आणि त्या सकाळी इस्लामपूरहून त्यांचे व्याही आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. भाऊजींनी चष्मा लावला नव्हता. त्यांनी बॉक्स घेतला, ओला डबा व्याह्यांच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

कराडच्या आमराई कॉलनीत असली बातमी पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

"तुम्ही व्याह्यांना ओला कचरा दिलात?" हर्षदावहिनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून, चेहरा अगदी साधाभोळा ठेवून विचारत होत्या. "सुका तरी द्यायचा, भाऊजी. शोभलं असतं."

"वहिनी, हे काम तुमचं आहे."

"माझं? मी बॅटऱ्या विकते. घंट्या नाही."

वहिनींचा कोल्हापूर नाक्यावर बॅटरीचा ठेला होता. स्कूटरची उतरलेली बॅटरी द्या, भरलेली न्या. पन्नाशी गाठली तरी नाक्यावरचा एकही माणूस त्यांच्या तोंडाला लागून धड घरी गेला नव्हता. मात्र वहिनींचा खोडीचा एक नियम होता, आणि तो त्या देवासारखा पाळत: ज्याची खोडी काढली तो शेवटी स्वतः हसला पाहिजे. नाही हसला तर ती खोडी नव्हे, छळ. सबनीसही आतून हसतच होते, मिशीखाली. पण आज त्यांना वचपा काढायचा होता.

"इथं चालते तुमची जीभ," ते म्हणाले. "परवा तुम्ही त्या फ्रान्सच्या विहिणीशी बोलत होता, ते मी गच्चीतून ऐकलं. 'आपली प्रकृती कशी आहे. इकडील हवामान उत्तम आहे.' मला वाटलं, नगरपालिकेची नोटीस वाचतंय कोणी."

भिंतीवरची दोन्ही कोपरं खाली आली. बाण नेमका लागला होता.

वहिनींच्या मुलानं, ओजसनं, चार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या लिओंच्या सोलेनशी लग्न केलं आणि तिला इकडं आणलं. लग्न तिकडं झालं. इकडं नेमक्या सासूबाई आजारी पडल्या आणि वहिनींचं जाणं हुकलं. तेव्हापासून सोलेनच्या आईशी, मिरेयशी, जे काही बोलणं झालं ते कॉलवर आणि 'कानातल्या'तून. हा कानातला म्हणजे वाटाण्याएवढं यंत्र. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, ते तुमच्या कानात तुमच्या भाषेत सांगतं. आता जगात सगळ्यांच्याच कानात तो असतो, त्यामुळे कोणी कोणाची भाषा शिकत नाही. पण यंत्र बनवणाऱ्यांना भीती, की भाषांतरावरून उगाच कुठं मारामारी व्हायला नको. म्हणून त्यांनी त्याला सभ्यपणा शिकवला. तो आधी वाक्य संपायची वाट बघतो, मग त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करतो आणि मग सपाट आवाजात सांगतो. वहिनी ओजसला म्हणायच्या, "गप ए!" मिरेयच्या कानात जायचं, 'कृपया शांतता राखावी.' एकदा वहिनी म्हणाल्या, "ह्याला आम्ही दोन किलो भंगार देऊन आणला." तर मिरेयनं छातीवर हात ठेवला, डोळे भरून आणले आणि वहिनींच्या कानात आवाज आला, 'दत्तक घेणे हे अतिशय उदात्त कार्य आहे.' शेवटी वहिनीही विहिणीशी नोटिशीसारखंच बोलायला लागल्या.

अख्ख्या कराडला हसवणाऱ्या बाईच्या बोलण्यावर तिची एकुलती एक विहीण चार वर्षांत एकदाही हसली नव्हती. हे वहिनींना कुठं खुपत होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"पुढच्या महिन्यात येतेय ती," वहिनी म्हणाल्या. "सोलेनच्या डोहाळजेवणाला. कानातला न लावता बोलेन तिच्याशी. फ्रेंचमध्ये. सगळ्या कॉलनीसमोर."

"तुम्हाला 'बोंज्यूर'च्या पुढं काय येतं?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

"ठरलं मग," सबनीस भिंतीजवळ आले. "ओटी भरल्यापासून जेवणाची पानं मांडेपर्यंत टिकायचं. तेवढ्यात तिला कळलं, की ह्या बाईला फ्रेंचचा फ सुद्धा येत नाही, तर रविवारी घंटागाडीवर उभं राहायचं. गाडीचं गाणं बंद. तुम्ही ओरडायचं, दारोदार. 'कचराऽऽ' म्हणून. आणि दर घरापुढं 'मी हरले' म्हणायचं."

"आणि टिकले तर तुम्ही ओरडायचं."

भिंतीवरून हात मिळाले. साक्षीला व्याही होते. त्यांचे हात अजून साबणाचेच होते.

*

वहिनींच्या डोक्यात काय शिजत होतं, ते असं. त्यांच्या ठेल्यावर एक वाचा-उपचारवाली डॉक्टरीण बॅटरी बदलायला यायची. तिच्या दवाखान्यात एका नव्या वस्तूची चाचणी चालू होती. टाळूपट्टी. अर्धांगवायूनं ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी ती बनवली होती. आता तीच पट्टी धडधाकट माणसाला परकी भाषा बोलायला लावेल का, हे बघायचं होतं. आणि पहिली तयार झालेली भाषा होती फ्रेंच. तीही अर्धीच, नुसती क्रियापदं आणि त्यांची रूपं.

"आम्हाला पन्नाशीच्या आसपासची, सतत बोलणारी माणसं हवीत," डॉक्टरीण म्हणाली होती. "नाक्यावर विचारलं तर सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."

दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या वहिनींना तिनं समजावून सांगितलं. "बोलताना मेंदू एकेक आवाज जुळवत बसत नाही. त्याच्याकडं तयार साचे असतात, एका दमात पडणाऱ्या तुकड्यांचे. तुम्ही 'बोलतात' म्हणता तेव्हा 'बोल' आणि 'तात' असे दोन साचे उचलता, इडलीपात्रातून इडल्या काढाव्यात तशा. हे साचे लहानपणीच पक्के होतात. मोठेपणी दुसरी भाषा शिकलात, तरी पीठ नवं आणि साचा जुना. म्हणून आपलं इंग्रजी आपल्यासारखं वाटतं."

"आणि फ्रेंचचा साचा?"

"तिला तुकडा शक्यतो उघड्या तोंडानं संपवायला आवडतं. मधलं व्यंजन ती पुढच्या तुकड्याला देऊन टाकते. आपण आपला तुकडा दार लावून बंद करतो, ती दार उघडंच ठेवते."

पट्टी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ होती. ती टाळूला चिकटवायची. तिच्यावर बारीक ठिपके असतात. जीभ कुठं टेकली ते त्यांना कळतं. जबड्याखाली तिळाएवढी एक चीप बसते. स्नायूंकडं मेंदूचा हुकूम निघाला, की आवाज फुटायच्या आतच तो तिला समजतो. मग जीभ जिथं टेकायला हवी, तिथं टाळूवर हलकी गुदगुली होते आणि जीभ आपोआप तिकडं वळते. चूक व्हायच्या आधीच दुरुस्त. असं काही दिवस झालं की जिभेला नवा साचा सापडतो.

"पण एक लक्षात ठेवा," डॉक्टरीण म्हणाली. "पट्टी अर्थ शिकवत नाही. ती फक्त तोंड देते."

"अर्थ कोण मागतंय?" वहिनी म्हणाल्या. आणि इथंच त्या फसल्या.

*

पहिलं क्रियापद आलं 'देणे'. यंत्रानं पडद्यावर सहा रूपं दाखवली. वहिनींनी आपल्या पद्धतीनं, लिहिलंय तसं वाचलं. "जे दोन्ने, तू दोन्नेस, इल दोन्ने, नौस दोन्नोन्स, वौस दोन्नेझ, इल्स दोन्नेन्त." मग पट्टी चालू केली. टाळूवर मुंगी चालल्यासारखं झालं आणि वहिनींच्या तोंडातून भलतीच कोणीतरी बाई बोलली: "ज्य दॉन, त्यू दॉन, इल् दॉन, नू दॉ-नों, वू दॉ-ने, इल् दॉन."

वहिनी पडद्याकडं बघतच राहिल्या. "अहो, ऐकलंत का? लिहायला सहा आणि त्यातली चार बोलायला सारखीच! हे शेवटचे एस, ई, एन, टी नुसते पंगतीला आलेत. पानावर बसायचं, जेवायचं आणि तोंडातून शब्द नाही काढायचा."

"आपले थोरले काका," मकरंदराव पेपरातून म्हणाले. ते वहिनींचे यजमान. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी शांत.

पण काकांसारखेच हे मुके अधूनमधून जागेही व्हायचे. 'आम्ही' म्हणजे 'नू', त्याच्या शेपटीचा एस एरवी झोपलेला. पण पुढचं क्रियापद स्वरानं सुरू झालं, की तो झाडातला झ होऊन उठतो आणि पुढच्याच्या मांडीवर जाऊन बसतो: नू-झे-मों. आम्ही प्रेम करतो. वहिनींना हे फार आवडलं. शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसणारं अक्षर! हे तर आमराई कॉलनीचं व्याकरण झालं.

पाठ करायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. आईनं पाढे घोकून घेतले ती. तिन्हीसांजेला मांडी घालून, डोलत, प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर वर नेऊन. म्हणून भाजी निवडताना, ठेल्यावर बॅटऱ्या पुसताना त्या पाढ्याच्या चालीत रूपं म्हणत. पट्टी ती चाल चालू द्यायची नाही. गुदगुल्या करून करून सूर सपाट करायची, प्रत्येक तुकडा सारख्या वजनाचा. पट्टी काढली की चाल परत यायची.

आणि पट्टी लावलेली असताना मराठीची मात्र वाट लागायची. वहिनी म्हणायच्या 'भेंडी कशी दिली', आणि तोंडातून निघायचं असं, की मंडईतल्या बाईनं त्यांना विमानातून उतरलेली गोरी समजून तिप्पट भाव सांगितला. वहिनींनी तिथल्या तिथं पट्टी काढून अस्सल कराडी ऐकवली, तेव्हा त्या बाईनं हात जोडून कोथिंबीर फुकट दिली.

"मजा आहे," मकरंदराव एके दिवशी म्हणाले. "पण तू ती लावून 'जेवायला या' म्हणालीस की मला वाटतं, घरी पाहुणी आलीय. मी आपला शर्ट घालून बसतो."

वहिनी हसल्या. तरी ती पट्टी त्यांनी त्या दिवशी जेवताना लावली नाही.

*

मिरेय आली. आखूड पांढरे केस, लालबुंद गाल, रुंद पंजे. वहिनींनी घसा बसल्याचं निमित्त करून पहिले दोन दिवस कानातल्यावरच भागवलं. 'आपले निवासस्थान हवेशीर आहे.' 'आपले मनःपूर्वक आभार.' दोघी एकमेकींसमोर बसून जांभया दाबत होत्या. ती काय करते असं विचारलं, तर कानातला म्हणाला, 'दुग्धजन्य पदार्थांचे वितरण.' म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात असणार, वहिनींनी मनाशी म्हटलं.

डोहाळजेवणाच्या दुपारी कॉलनीचा हॉल भरला. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत सोलेन झोपाळ्यावर बसली होती. दोन झाकलेल्या वाट्यांमधली एक उचलली, बर्फी निघाली, बायकांनी गलका केला. ओट्या भरायला सुरुवात झाली. मागच्या खुर्चीत सबनीस पंच म्हणून बसले, कानातला नीट खोचून. वहिनी पट्टी लावून विहिणीशेजारी टेकल्या, स्वतःच्या कानातला काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "गूते!" म्हणजे चाखून बघा. समोर करंजी धरली. "वू झे-मे?" आवडतं का?

मिरेयचं तोंड उघडंच राहिलं. उच्चार असा, जणू वहिनी लिओंच्या नदीकाठी लहानाच्या मोठ्या झाल्या. तिनंही आपला कानातला काढला. आणि मग जे सुरू झालं, त्याला धरणाचे दरवाजे उघडणं म्हणतात. हात हलत होते, भुवया नाचत होत्या, करंजीचा चुरा उडत होता. वहिनींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण त्यांच्याकडं एक हुकमी रूप होतं: "ज्य काँप्राँ." समजतंय. ते त्या दर श्वासाला टाकत होत्या, भजनात टाळी टाकावी तसं. अधूनमधून "ज्य व्वा", बघतेय. कॉलनीतल्या बायका कौतुकानं कोपरानं ढोसत होत्या. सबनिसांचा चेहरा उतरत चालला होता.

मग मिरेय थांबली. काहीतरी हळू आवाजात विचारलं.

"ज्य काँप्राँ," वहिनी गोड हसून म्हणाल्या.

तिनं फोनकडं बोट केलं, मग स्वतःच्या रिकाम्या कानाकडं. पुन्हा विचारलं.

"ज्य काँप्राँ!"

मिरेयच्या गालांवरचा लाल रंग गळ्यापर्यंत उतरला. तिनं बशी खुर्चीवर ठेवली, उठली आणि कोणाकडंही न बघता व्हरांड्यात निघून गेली.

वहिनींना वाटलं, ठसका लागला. तेवढ्यात झोपाळ्यावरून सोलेन उतरून आली, सातव्या महिन्याच्या संथ चालीनं. तिनं आईला गाठलं, दोघी काहीतरी बोलल्या. मग ती वहिनींपुढं उभी राहिली, डोळ्यांत पाणी. तिचं मराठी तिनं स्वतः, ओजसकडून, चुकतमाकत शिकलेलं होतं.

"आई. तुम्हाला फ्रेंच येतं? चार वर्षं येतं?"

"येत नाही गं!" वहिनी म्हणाल्या. पट्टी टाळूलाच होती. ते 'येत नाही गं' थेट फ्रान्सहून आलं.

"बघा! आता पण!" सोलेनचा आवाज फुटला. "कॉल संपताना तुम्ही दोघी कानातला काढायच्या. मग आई माझ्याशी बोलायची. तुम्ही समोर असायच्या, पण तिला वाटायचं, तुम्हाला कळत नाही. ती म्हणायची, तुझी सासू चांगली, पण भिजलेल्या पावासारखी."

"भिजलेला पाव?" वहिनींना हे जास्तच लागलं. "मी?"

"ते सोडा. बाबा गेले तेव्हा ती कशी रडली, ते तुमच्यासमोर. मी इतक्या लांब बाळंत होणार, तिला भीती वाटते, बाळ तिला ओळखणार नाही. हे पण. सगळं. आता ती म्हणते, ही बाई चार वर्षं गप्प बसून ऐकत होती. किती हसली असेल मनात. ती उद्या परत जाते, आई. तिकीट बघते."

 वहिनींनी आयुष्यात इतक्या खोड्या काढल्या, पण असं कोणाचं तोंड कधी उतरलं नव्हतं. आणि गंमत अशी, की ह्या खोडीत त्यांना स्वतःलाही काही कळलं नव्हतं. विहिणीनं इतका वेळ मन मोकळं केलं आणि ह्या टाळी टाकत बसल्या.

"वहिनी," मागून सबनीस पुटपुटले. त्यांच्या कानात सगळं गेलं होतं, त्यामुळे तेही ओशाळले होते. "आता पानं मांडतीलच. नुसत्या इथं बसून राहा. जिंकलात तुम्ही. मी ओरडतो रविवारी, माझं काही नाही."

वहिनी उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या.

मिरेय खांबाला टेकून फोनमध्ये बघत होती. वहिनींनी तिच्यासमोर उभं राहून तोंडात अंगठा आणि बोट घातलं. 'चक्' असा आवाज झाला. टाळूवरून निघालेला तो ओला पापुद्रा त्यांनी पदरानं पुसला आणि विहिणीच्या रुंद तळव्यावर ठेवला. मिरेय माशाचा खवला बघावा तशी त्याच्याकडं बघत राहिली.

मग वहिनींनी हात बांधले, पाय जुळवले आणि डोलत, शाळेतल्या बाईंपुढं म्हणावं तसं, खणखणीत कराडी आवाजात सुरुवात केली.

"जे दोन्नेऽ! तू दोन्नेऽस! इल दोन्नेऽ!"

मिरेयनं मान वर केली.

"नौस दोन्नोऽन्स! वौस दोन्नेऽझ!" पंगतीला बसलेले ते सगळे मुके काका एकदम उठून भाषण करायला लागले होते. "इल्स दोन्नेऽन्त!"

आत हॉलमध्ये बायकांच्या कानावर ती चाल पडली. लहानपणी रोज तिन्हीसांजेला ऐकलेली चाल ती, अंगातच मुरलेली. काय चाललंय ते न कळता कोणीतरी आतून साथ दिली, "बे दाहे वीऽस!" आणि अख्ख्या हॉलनं ती उचलली.

"दोन्नेन्त?" मिरेयनं सावकाश विचारलं.

"दोन्नेन्त," वहिनी छाती काढून म्हणाल्या.

मिरेयचा खालचा ओठ थरथरला. तिनं हातातल्या पट्टीकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, पुन्हा पट्टीकडं बघितलं. एक क्षण वाटलं, ही रडते. आणि मग तिच्या नाकातून कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. ती खांबाला धरून खाली वाकली. डोळे पुसत वर आली, "दोन्नेन्त!" म्हणाली आणि पुन्हा वाकली. गडगडाटी, बेलगाम, मंडईच्या पार टोकापर्यंत जाईल असं हसणं. चार वर्षांत कानातल्यानं हे कधी होऊ दिलं नव्हतं, कारण विनोदाचं भाषांतर तो 'एक निरीक्षण नोंदवले' असं करायचा.

वहिनी दुसरं क्रियापद सुरू करणार, तोच मिरेयनं हात वर केला आणि त्यांच्या तोंडावर बोट रोखून, चार वर्षं दर कॉलला मूळ आवाजात ऐकून पाठ झालेलं आपलं एकमेव मराठी फेकलं:

"गाप ए!"

आता खांबाला धरायची पाळी वहिनींची होती.

"ओळखलं!" दारात सबनीस उड्या मारत होते. "तिनं ओळखलं! अजून पहिलं पान मांडायचंय!"

"तिनं कुठं ओळखलं? मीच दाखवलं."

"दाखवायचं नाही असं कुठं ठरलं होतं? कळलं म्हणजे कळलं. हरलात, वहिनी!"

"हरले की," वहिनी म्हणाल्या. इतक्या आनंदानं कोणी हरलेलं सबनिसांनी बघितलं नव्हतं.

जेवणाची पानं मग मांडली गेली. दोघी विहिणी शेजारीशेजारी बसल्या, मध्ये सोलेन. कानातला कोणी लावला नाही. जे अडेल ते सोलेन सांगत होती, घासाघासाला थांबून, मोडक्यातोडक्या मराठीत. तेव्हा कळलं, की 'दुग्धजन्य पदार्थांचे वितरण' म्हणजे मिरेयचा आठवडी बाजारात चीजचा ठेला आहे आणि गिऱ्हाईकाला टोमणे मारण्यात तिचा हात तिथं कोणी धरत नाही. वहिनींनी आपल्या बॅटऱ्यांचं सांगितलं. दोघी ठेलेवाल्या चार वर्षं एकमेकींना साहेबीणबाई समजत होत्या.

"ती म्हणते, भिजलेला पाव परत घेतला," सोलेन म्हणाली.

"नको, राहू दे. तिला सांग, पावाबरोबरची मिरची तिनं अजून चाखायचीय. आणि सांग, बाळाला पहिला हात तिनं लावायचा. मी मागं उभी राहीन."

सोलेननं सांगितलं.  मिरेयनं आपल्या पानातला जिलबीचा मोठा तुकडा उचलून वहिनींच्या पानात ठेवला. तिकिटाचं मग कोणी नाव काढलं नाही.

*

रविवारी आमराई कॉलनी झाडून दारात उभी होती. घंटागाडी वळणावरून आली, बिनड्रायव्हरची, बिनगाण्याची. गाणं बंद करायची परवानगी सबनिसांनी स्वतः नगरपालिकेत जाऊन आणली होती. पाटबंधारेवाल्याला कुठल्या टेबलावर काय चालतं ते माहीत असतं. मागच्या फळीवर, नवी साडी नेसून, एका हातानं दांडा धरून हर्षदावहिनी उभ्या होत्या.

"कचराऽऽ! ओला कचराऽऽ! सुका कचराऽऽ!"

"आणि पुढचं?" पहिल्या घरातून ओरडा झाला.

"मी हरलेऽऽ!"

टाळ्या पडल्या. मकरंदराव शर्ट न घालता, बनियनवरच गच्चीत उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपलीच बायको बोलतेय, ह्याची त्यांना खात्री पटली होती.

दुसऱ्या घराशी वहिनींनी भर घातली. 'टाकणे' हे क्रियापद त्यांनी खास आजच्यासाठी पाठ केलं होतं, पट्टीशिवाय. "जे जेट्टेऽ! तू जेट्टेऽस! नौस जेटोऽन्स!" लोकांनी पाढ्याच्या चालीवर डबे रिकामे करायला सुरुवात केली. तिसऱ्या घराशी मिरेयला राहवेना. इतक्या लोकांसमोर कोणी आरोळी ठोकतंय आणि आपण नुसतं बघायचं, हे बाजारातल्या बाईला जमणारं नव्हतं. तिनं स्कर्ट सावरला, चालत्या गाडीच्या फळीवर उडी घेतली आणि वहिनींच्या खांद्यावर हात टाकून असा आवाज काढला, की झाडावरचे कावळे उडाले.

"का-च्रा!"

"कचराऽऽ," वहिनींनी दुरुस्त केलं.

"का-च्राऽऽ!" दार उघडंच. व्यंजन पुढच्या तुकड्याला देऊन टाकलेलं. ना तिच्या टाळूला पट्टी होती, ना हिच्या.

शेवटचं घर सबनिसांचं. ते फाटकात उभे, दोन हातांत दोन डबे, शेजारी मुद्दाम इस्लामपूरहून बोलावलेले व्याही. गाडी थांबली.

"वहिनी, नीट ऐकू आलं नाही मगाशी," सबनीस म्हणाले. "काय झालं म्हणालात?"

वहिनींनी पोटातून श्वास घेतला. "मी हरलेऽऽऽ!"

मिरेयला त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. पण एक बाई एवढ्या खुशीनं ओरडतेय म्हणजे काहीतरी झकास असणार, असं समजून तीही हात वर करून, ह गिळून, प्रत्येक तुकडा सारख्या वजनानं फेकत ओरडली:

"मी आ-र-ले!"

सबनीस इतके हसले, की त्यांच्या हातातला ओला डबा पुन्हा एकदा व्याह्यांच्या हातात गेला. व्याह्यांनी ह्या वेळी तो नीट धरला, पुढं झाले आणि दोघी विहिणींच्या पायाशी, गाडीत उपडा केला.